मानाचे पान नको, मताचा अधिकार हवा!

पंगतीत आपले पान कोठे मांडले आहे, यावरून त्या घरातला आपला मान कळतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण जाणता माणूस पानाकडे पाहत नाही. कोठीघराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे तो पाहतो. जगाच्या कारभारातील भारताच्या स्थानाविषयी आपल्याकडे होणारी चर्चा अजूनही पानाभोवतीच घुटमळते आहे. शिखर परिषदेच्या छायाचित्रात आपले पंतप्रधान पहिल्या रांगेत होते की दुसऱ्या, कोणत्या राष्ट्राध्यक्षाने किती वेळ हस्तांदोलन केले, आपली अर्थव्यवस्था चौथी की पाचवी, यावर वृत्तवाहिन्या रात्र रात्र जागतात. रुपयाचा दर घसरला की हा क्रमांकही घसरतो आणि कालचा जयघोष आज अडचणीचा वाटू लागतो. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे राहतो. ज्या संस्थांमध्ये जगाचे नियम लिहिले जातात, तेथे आपल्या मताचे वजन किती? आणि ते कमी असेल, तर दोष केवळ दुसऱ्यांचाच आहे काय?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कडू आहेत. पहिल्याचे उत्तर ऐकून आपला संताप व्हावा आणि दुसऱ्याचे ऐकून आपली मान खाली जावी, अशी आजची स्थिती आहे.

तागडी कोणाच्या हाती?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपासून प्रारंभ करू. तेथे प्रत्येक देशाला त्याच्या वर्गणीच्या हिश्श्याप्रमाणे मते मिळतात. फ्रान्सचा हिस्सा ४.२३ टक्के, ब्रिटनचाही ४.२३ टक्के, इटलीचा ३.१६ टक्के आणि भारताचा २.७५ टक्के. बाजारभावाने मोजली तरी भारताची अर्थव्यवस्था इटलीपेक्षा पुष्कळ मोठी आहे आणि फ्रान्सलाही तिने मागे टाकले आहे. चलनाच्या क्रयशक्तीच्या हिशोबाने तर भारत जगात तिसरा आहे आणि जगाच्या एकूण उत्पादनातील त्याचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. तरीही १४० कोटींच्या देशाचे मत इटलीच्या मतापेक्षा हलके भरते. ही तागडी कोणाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

हे आपोआप घडलेले नाही. हिस्सा ठरविण्याचे जे सूत्र आहे, त्यात राष्ट्रीय उत्पादनाला निम्मे वजन आहे. उरलेल्यात सर्वांत मोठा भाग अर्थव्यवस्थेच्या 'खुलेपणा'चा, म्हणजे परदेशाशी होणाऱ्या देवघेवीचा आहे. आता गंमत पाहा. बेल्जियममधून नेदरलँड्समध्ये माल गेला, तर तो आंतरराष्ट्रीय व्यापार. आणि तामिळनाडूतून पंजाबात माल गेला, तर तो देशांतर्गत व्यवहार! एक चलन आणि एक बाजारपेठ असलेल्या युरोपीय देशांची आपसांतील देवघेव 'जागतिक' म्हणून मोजली जाते आणि खंडप्राय भारताची मोजलीच जात नाही. बळी तो कान पिळी, ही आपली जुनी म्हण आहे. येथे कान पिळण्याचेही गणिती सूत्र तयार केले आहे, एवढाच काय तो फरक.

याहून मोठी मेख नकाराधिकाराची आहे. नाणेनिधीतील महत्त्वाचे निर्णय ८५ टक्के मतांनी घ्यावे लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत. म्हणजे उरलेल्या साऱ्या जगाचे एकमत झाले तरी वॉशिंग्टनच्या संमतीवाचून पान हलत नाही. उदयोन्मुख देशांचा हिस्सा थोडा वाढविण्याचा निर्णय २०१० मध्ये झाला. अमेरिकी काँग्रेसने त्यावर संमतीची मोहोर उमटवायला डिसेंबर २०१५ उजाडू दिला आणि सुधारणा प्रत्यक्षात आली जानेवारी २०१६ मध्ये. पुढचा आढावा २०२० मध्ये वाढीवाचूनच आटोपला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वांच्या वर्गणीत ५० टक्के वाढ मंजूर झाली, पण जुन्याच प्रमाणात. सगळ्यांची पाने तेवढी मोठी झाली, जागा कोणाचीही हलली नाही. वर्गणी वाढवून द्या, अधिकार वाढवून मागू नका, हा त्याचा सरळ अर्थ.

या व्यवहारातला अन्याय कळण्यासाठी आपल्याच इतिहासातील दोन तारखा पुरेशा आहेत. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटल्यामुळे रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावे लागले. त्या वेळी नाणेनिधीने कर्जासोबत अटी घातल्या आणि आपण त्या मुकाट्याने मान्य केल्या. कर्जदाराला दुसरे काय करता येते? त्यानंतर १८ वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच रिझर्व्ह बँकेने त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोने रोखीने विकत घेतले. २०१२ मध्ये युरोपातील देश कर्जाच्या गर्तेत सापडले, तेव्हा नाणेनिधीच्या मदतकोशासाठी १० अब्ज डॉलर देण्याची तयारी भारताने दाखविली. कालचा कर्जदार आज सावकाराच्या तिजोरीत भर घालतो आहे आणि तरीही कर्जाच्या अटी लिहिताना त्याचा हिस्सा पावणेतीन टक्क्यांचाच आहे!

चिंतामणराव देशमुखांनी पाहिलेले

या व्यवस्थेत भारत उशिरा आला, म्हणून त्याला मागची जागा मिळाली, असे काही विद्वान सांगतात. हे धडधडीत असत्य आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांनी नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला, तेव्हा भारताचे शिष्टमंडळ तेथे हजर होते. देश पारतंत्र्यात होता आणि शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन होते, हे खरे. पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते. रायगडाच्या परिसरात जन्मलेल्या देशमुखांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दोन मुद्दे लावून धरले.

पहिला मुद्दा विकासाचा. नव्या संस्थेने केवळ श्रीमंत राष्ट्रांच्या चलनांचे स्थैर्य पाहू नये, मागासलेल्या देशांच्या उत्पादनक्षमतेचा विकासही पाहावा, असा भारतीयांचा आग्रह होता. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनसंपत्तीच्या विकासाचा जो उल्लेख आहे, त्यामागे या आग्रहाचा मोठा वाटा आहे. दुसरा मुद्दा स्टर्लिंग शिलकेचा. महायुद्धात भारताने ब्रिटनला जो माल आणि ज्या सेवा पुरविल्या, त्यांचे पैसे लंडनमध्ये साचत गेले आणि युद्ध संपेपर्यंत ते येणे १०० कोटी पौंडांच्या पुढे गेले. बंगालच्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरत होती आणि देशाची पुंजी लंडनच्या खतावणीत अडकून पडली होती. ही शिल्लक मोकळी करण्याचा विचार नव्या संस्थेने करावा, ही भारताची मागणी ब्रिटनने आणि अमेरिकेने फेटाळली. बँकेत दहा लाख शिल्लक असूनही टॅक्सीच्या भाड्याला खिशात पैसे नाहीत, अशा माणसासारखी आमची अवस्था तुम्ही करीत आहात, अशा आशयाचे उद्गार श्रॉफ यांनी परिषदेत काढले.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. जेथे आपल्या माणसांनी आधी अभ्यास करून नेमके शब्द पुढे ठेवले, तेथे पारतंत्र्यातल्या भारतालाही काही मिळविता आले. जेथे बलवानाच्या खिशाला हात घालण्याचा प्रश्न आला, तेथे न्यायाचा कितीही उच्चार केला तरी हाती काही लागले नाही. आणखी एक. त्या वेळी भारताचा हिस्सा अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्या पाठोपाठ होता. रशिया बाहेर राहिल्यामुळे स्वतःचा संचालक नेमण्याचा हक्क असलेल्या पहिल्या पाच देशांत भारत आला. आज अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी वाढलेली असताना हिश्श्याच्या यादीत आपण आठवे आहोत. म्हणजे अंगाने वाढलो आणि पंगतीत मागे सरकलो!

उसाचा दर जिनिव्हात ठरतो

नाणेनिधी दूर राहिला, आमच्या शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे वळावे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसउत्पादकाला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, माहीत आहे. तो दर केंद्र सरकार ठरविते आणि साखर कारखाने देतात. सरकारच्या तिजोरीतून त्यासाठी पैसा जात नाही. तरीही ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. किमान दर ठरवून देणे हेच अनुदान होय आणि ते १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेले आहे, असा त्याचा आशय. भारताने त्यावर अपील केले. गंमत अशी की, ते अपील ऐकायला तेथे कोणी उरलेलेच नाही. सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्यामुळे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. जी संस्था नियमांचे राज्य म्हणून आपल्यापुढे मांडली गेली, तिचे वरचे न्यायालय तिच्याच शिल्पकाराने कुलूपबंद केले आहे.

आता ती १० टक्क्यांची मर्यादा कशी मोजतात, तेही पाहा. गहू-तांदळाचा आजचा हमीभाव घ्यायचा, त्यातून १९८६ ते १९८८ या काळातील सरासरी संदर्भ किंमत वजा करायची आणि येणारा फरक उत्पादनाने गुणायचा. तो सगळा आकडा म्हणजे शेतकऱ्याला दिलेले अनुदान! जवळजवळ चार दशकांची महागाई या हिशोबात अनुदान म्हणून धरली जाते. गावातल्या कोणत्याही किराणा दुकानदाराने असा हिशोब मांडला, तर गिऱ्हाईक त्याला वेड्यात काढील. पण जिनिव्हात तो कायदा आहे. हा कायदा लिहिला कोणी? शेतीविषयक कराराचा मुख्य सांगाडा नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिका आणि युरोपीय समुदाय यांनी ब्लेअर हाऊस येथे आपसांत ठरविला. दोघांनी आपापली जुनी अनुदाने जपून ठेवण्याची तजवीज त्यात केली. सामान्य मर्यादेच्या पलीकडे अमेरिकेला १९ अब्ज डॉलरहून अधिक अनुदान देण्याची मुभा आजही कागदोपत्री आहे. भारताला अशी मुभा नाही. श्रीमंताची अनुदाने हक्क ठरली आणि गरिबाची अपराध.

भारताने या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला नाही, असे नाही. डिसेंबर २०१३ मधील बाली परिषदेत अन्नसाठ्यांना तात्पुरते संरक्षण मिळाले. ते चार वर्षांपुरतेच आहे अशी हाकाटी सुरू झाली, तेव्हा जुलै २०१४ मध्ये भारताने व्यापार सुलभीकरण कराराला संमती नाकारली. भारत एकटा पडला, भारत जागतिक व्यापाराचा शत्रू आहे, असा गिल्ला युरोप-अमेरिकेतील वृत्तपत्रांनी केला आणि आपल्याकडच्या काही इंग्रजी संपादकांनीही त्यात सूर मिसळला. नोव्हेंबर २०१४ मध्ये काय झाले? कायमचा तोडगा निघेपर्यंत हे संरक्षण चालू राहील, हे अमेरिकेला मान्य करावे लागले. ठाम उभे राहणाऱ्याचे जग काही वाकडे करीत नाही, हे त्या चार महिन्यांनी दाखविले. मात्र तो कायमचा तोडगा २०२४ च्या अबू धाबी परिषदेतही निघाला नाही, हेही विसरता येत नाही.

रक्त आमचे, निर्णय त्यांचा

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची कथा तर सर्वश्रुत आहे. जून १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सनदेवर सही करणाऱ्या राष्ट्रांत भारत होता. शांतिसेनेच्या मोहिमांत भारताने आजवर अडीच लाखांहून अधिक सैनिक पाठविले आणि दीडशेहून अधिक जवानांनी तेथे प्राण वेचले. १९६१ मध्ये कांगोत धारातीर्थी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया परमवीरचक्राचे मानकरी ठरले. ज्या देशाचे सैनिक पाठवायचे, त्याला त्याविषयीच्या निर्णयात सहभागी करून घ्यावे, असे सनदेचे ४४ वे कलम सांगते. भारत ते वारंवार दाखवून देतो आणि परिषद वारंवार कानाडोळा करते.

या परिषदेत आठ वेळा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येऊनही कायम सदस्यत्व मिळत नाही, याचे कारण उघड आहे. सनदेत दुरुस्ती करायची, तर पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते. परिषदेचा विस्तार एकदाच झाला, १९६५ मध्ये. तोही बिगर-कायम जागांचा. नकाराधिकाराचा उपयोग कसा होतो, हे आपण मसूद अझरच्या प्रकरणात अनुभवले. जानेवारी २०१६ मधील पठाणकोट हल्ल्यानंतर त्याला दहशतवाद्यांच्या यादीत घालण्याचा प्रयत्न झाला आणि चीनने तो 'तांत्रिक' कारण पुढे करून वर्षानुवर्षे अडविला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे ४० जवान हुतात्मा झाल्यावरही चीनने पुन्हा आडकाठी घातली आणि ती १ मे २०१९ रोजी दूर झाली. एका खुर्चीची किंमत किती असते, हे यावरून कळते. ती केवळ प्रतिष्ठेची बाब असती, तर तिच्यासाठी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते.

आणि जेथे संस्थेचा आडोसाही नको असतो, तेथे बलवान राष्ट्र थेट हुकूम काढते. अमेरिकेने सवलत मागे घेतल्यावर मे २०१९ पासून आपल्याला इराणचे तेल घेणे थांबवावे लागले. तो निर्बंध संयुक्त राष्ट्रांचा नव्हता, एका देशाच्या कायद्याचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले. त्यातले निम्मे रशियाचे तेल घेतल्याची शिक्षा म्हणून होते. त्याच रशियाकडून भारताहून अधिक तेल घेणाऱ्या चीनला मात्र ही शिक्षा झाली नाही. सर्व सदस्यांना समान वागणूक, हा व्यापार संघटनेचा पहिला नियम. तो मोडला, तर दाद कोठे मागायची? कुलूप लावलेल्या अपील मंडळापुढे?

तीन भ्रम

या परिस्थितीवर आपल्याकडे तीन प्रकारची उत्तरे दिली जातात आणि तिन्ही भ्रामक आहेत.

पहिले उत्तर असे की, अर्थव्यवस्था वाढू द्या, जागा आपोआप चालून येईल. दे रे हरी, पलंगावरी! ज्यांच्या हाती सत्ता आहे, ते ती कौतुकाने दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. २०१० च्या एका लहानशा सुधारणेला पाच वर्षे लागली, हा ताजा अनुभव आहे. शिते असली की भुते जमतात, हे खरे. पण भुते जमतात ती शिते खायला, मान द्यायला नव्हे. मोठी बाजारपेठ असलेल्या देशाकडे विक्रेत्यांची रीघ लागते. त्याच्या हाती नियमाची लेखणी देण्याची घाई कोणालाही नसते.

दुसरे उत्तर अधिक लाघवी आहे. भारतीय वंशाची माणसे जगात सर्वोच्च पदांवर बसली आहेत, आणखी काय हवे? पुण्याजवळच्या खडकीत जन्मलेले अजय बंगा २०२३ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आदर असावाच. पण त्यांचे नाव सुचविले अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, आणि ते अमेरिकेचे नागरिक आहेत म्हणून. त्या बँकेच्या स्थापनेपासून प्रत्येक नियमित अध्यक्ष अमेरिकी नागरिक आणि नाणेनिधीचा प्रत्येक व्यवस्थापकीय संचालक युरोपीय, हा अलिखित करार आजही मोडलेला नाही. रक्ताचे नाते अभिमानाचे असते. मताचा अधिकार नागरिकत्वाचा आणि राष्ट्राचा असतो. या दोहोंची गल्लत करणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुंजीत आपण मिरवून घेणे.

तिसरे उत्तर रागाचे आहे. पाश्चात्त्यांच्या संस्था जाऊ द्यात, चीनच्या पुढाकाराने नवी पंगत मांडली जात आहे, तिकडे जाऊन बसू. जरा थांबावे. बीजिंगमधील आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे. परंतु चीनकडे सुमारे २६ टक्के मते आहेत आणि तेथील मोठे निर्णय ७५ टक्क्यांनी होतात. म्हणजे वॉशिंग्टनचे सूत्र बीजिंगमध्ये जसेच्या तसे उचलले आहे! मालक बदलल्याने चाकराची स्थिती बदलत नाही. याउलट ब्रिक्स राष्ट्रांच्या नव्या विकास बँकेत पाच संस्थापकांचे भांडवल समान ठेवले गेले आणि पहिले अध्यक्ष म्हणून भारताचे के. व्ही. कामत बसले. कोणत्या पंगतीत बसायचे, हे यजमानाच्या रंगावरून ठरवायचे नसते, तिच्या घटनेतील मताच्या कलमावरून ठरवायचे असते.

आपल्या घरातला अंधार

आता दुसऱ्या प्रश्नाकडे यावे. दोष केवळ परक्यांचा आहे काय? ज्या देशाला जगाचे नियम लिहायचे आहेत, त्याच्या परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या सुमारे एक हजार आहे. एवढ्या माणसांनी जगभरातले दूतावास सांभाळायचे, दिल्लीतले मंत्रालय चालवायचे आणि व्यापार, हवामान, आरोग्य, दूरसंचार, सागरी कायदा, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा प्रत्येक विषयावरील वाटाघाटीत तज्ज्ञांशी टक्कर द्यायची. त्यातही जो अधिकारी जिनिव्हात चार वर्षे घासून विषय आत्मसात करतो, त्याची बदली होते आणि नवा अधिकारी मुळाक्षरांपासून सुरुवात करतो. पलीकडच्या बाजूला तोच वकील, तोच अर्थतज्ज्ञ वीस-वीस वर्षे त्याच विषयात मुरलेला असतो. अशा लढाईचा निकाल आधीच लागलेला असतो.

चीनने हे ओळखले. सुरक्षा परिषदेच्या खुर्चीवर समाधान न मानता तो लहान वाटणाऱ्या संस्थांकडे वळला. २०२० च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या १५ विशेष संस्थांपैकी अन्न व कृषी, दूरसंचार, औद्योगिक विकास आणि नागरी हवाई वाहतूक या चार संस्थांच्या प्रमुखपदी चिनी नागरिक होते. भ्रमणध्वनीच्या लहरी कशा वापरायच्या, विमानाने कोणते निकष पाळायचे, हे तेथे ठरते. त्यावर वृत्तवाहिन्या चर्चा घडवीत नाहीत. पण कारखान्यांचे भवितव्य तेथेच लिहिले जाते. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातीवर कार्बनचा भार लावला. कार्बन कसा मोजायचा, याची पट्टी युरोपने बनविली. आपण आता त्या पट्टीवर आपले पोलाद मोजून देत आहोत. पट्टी बनविली जात असताना आपली माणसे किती होती, आणि त्यांच्या हाती पर्यायी पट्टी होती काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

दुसरी उणीव लोकशाहीची आहे. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे भारताने व्यापार संघटनेच्या करारावर सही केली. त्या कराराने शेतकऱ्यापासून औषध कारखानदारापर्यंत साऱ्यांना बांधून टाकले. पण त्याआधी संसदेची संमती घेण्याचे बंधन सरकारवर नव्हते आणि आजही नाही. अमेरिकेचा प्रतिनिधी वाटाघाटीत अडला, की आमची काँग्रेस हे मान्य करणार नाही, असे सांगून सुटतो. आपल्या प्रतिनिधीच्या मागे असे कोणतेही बळ उभे नसते. संसदेची संमती हा वाटाघाटीतला अडथळा नव्हे, ती ढाल आहे. आणि ज्या करारात ऊस आणि कापूस आहे, त्याचा मसुदा साखर कारखान्याच्या सभासदाला आणि विदर्भातल्या कापूस उत्पादकाला सहीनंतर कळणार असेल, तर तो करार राष्ट्राचा कसा म्हणावा?

आपल्याला हे जमत नाही, असेही नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थी घेतला जाऊ शकणारा शब्दप्रयोग जाऊन 'सर्व मानव' असे शब्द आले, ते मुंबईत कार्य केलेल्या हंसाबेन मेहता यांच्या आग्रहामुळे. राष्ट्राला स्वातंत्र्य मिळून जेमतेम एक वर्ष झाले होते, तिजोरी रिकामी होती. पण शब्दाची जाण असलेली एक विदुषी त्या समितीत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निवडणुकीत न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांच्यासाठी भारताने आमसभेत एकेक मत जोडले आणि अखेर ब्रिटनला उमेदवार मागे घ्यावा लागला. त्या न्यायालयाच्या इतिहासात प्रथमच ब्रिटनचा न्यायाधीश उरला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी कोरोनाच्या लशींवरील स्वामित्वहक्क स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. जून २०२२ मध्ये त्यातला अल्प अंश तरी पदरात पडला. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीच्या बैठकीत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले, ते भारताच्या पुढाकाराने. या प्रत्येक यशात एक समान सूत्र आहे. तयार मसुदा, जोडलेले मित्र आणि न ढळणारी भूमिका.

किल्ली मागून मिळत नाही

तेव्हा करायचे काय? परराष्ट्र सेवेचे बळ काही वर्षांत दुप्पट करावे आणि व्यापार, हवामान व तंत्रज्ञान या विषयांसाठी बदलीच्या चक्राबाहेरचा तज्ज्ञवर्ग उभारावा. आपल्या विधी महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याचे जाणकार घडवावेत. उसाच्या खटल्याचा अभ्यास कोल्हापूरच्या विद्यापीठात होणार नसेल, तर तो कोठे व्हावा? महत्त्वाच्या करारांना संसदेची संमती बंधनकारक करावी आणि शेतीसंबंधीच्या करारात राज्यांचे मत आधी घ्यावे. नाणेनिधीच्या सूत्रात क्रयशक्तीचे वजन वाढेपर्यंत आणि 'खुलेपणा'ची मोजणी सुधारेपर्यंत प्रत्येक वाढीव वर्गणीच्या वेळी हा प्रश्न भारताने आधी टेबलावर ठेवावा. आणि आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका येथील ज्या देशांना मतच नाही, त्यांचे नेतृत्व उपदेशाने करू नये, त्यांच्या मागण्या आपल्या मसुद्यात लिहून करावे.

याला पैसा लागेल, हे खरे. देशात दारिद्र्य असताना हा खर्च कशाला, असे विचारणारे भेटतील. त्यांना उसाच्या दराचा आणि हमीभावाचा हिशोब दाखवावा. दारिद्र्य ज्या नियमांमुळे रेंगाळते, ते नियम बदलणे हा दारिद्र्यनिर्मूलनाचाच भाग आहे.

आज हे करण्याची वेळही अनुकूल आहे. ज्यांनी ही व्यवस्था उभारली, तेच तिला कंटाळले आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची सूचना दिली. अपील मंडळ तर तिने आधीच बंद पाडले. जुने घर मोडकळीस येते, तेव्हा नव्या घराचा नकाशा ज्याच्या हाती तयार असतो, त्याच्या मनासारखे घर उभे राहते. चीनच्या हाती नकाशा आहे. आपल्या हाती काय आहे?

शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घेतला, तेव्हा ते केवळ सिंहासनावर बसले नाहीत. स्वतःचे नाणे पाडले, स्वतःचा शक सुरू केला, राज्यव्यवहारासाठी स्वतःचा कोश करवून घेतला. दुसऱ्याच्या दरबारात मानाची जागा मिळवून सार्वभौमत्व येत नाही, हे आग्र्याच्या दरबारात मागच्या रांगेत उभे केले गेलेल्या त्या राजाइतके कोणाला ठाऊक असणार? छायाचित्रातली रांग मोजण्याचे दिवस आता पुरे झाले. मसुदा लिहिणारे हात तयार करण्याला या देशाने लागले पाहिजे. किल्ली मागून कोणी देत नाही; ज्याला कोठार सांभाळता येते, त्याच्याकडे ती येते.